पडीक रानातली नाणी आणि त्यांची नोंद : नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक

विषय : झाडोरा माजलेल्या जमिनींवर मेटल डिटेक्टरने होणारा नाण्यांचा शोध आणि सापडलेल्या नाण्यांची नोंद

सविनय नमस्कार.

भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही ज्याला सापडेल त्याने ते काय आहे, किती आहे, कोठे आणि कोणत्या दिवशी मिळाले याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. म्हणूनच हे पत्र मी पुरातत्त्व विभागाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. मी नाशिकचा रहिवासी आहे आणि जुनी नाणी वाचणे, त्यांवरची झिजलेली अक्षरे लावणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. या छंदामुळे माझ्यासमोर जी नाणी येतात, त्यांतली बहुतेक कोठून आली हे आणणाऱ्यालाही सांगता येत नाही किंवा सांगायचे नसते. ही गोष्ट मला दिवसेंदिवस अधिक अस्वस्थ करते आहे.

गेल्या काही वर्षांत मेटल डिटेक्टर ऑनलाइन सहज मिळू लागले आहेत. पावसाळा सरून गवत वाळू लागले की ओस पडलेली गावठाणे, गढ्यांचे उतार, किल्ल्यांचे पायथे आणि नदीकाठची गायराने धुंडाळणारी मंडळी दिसू लागतात. काही ठिकाणी जमीन मोकळी करण्यासाठी घाणेरी, गाजरगवत आणि बाभळीची झुडपे सरळ पेटवून दिल्याचेही मी पाहिले आहे. यांतले सगळे लोक वाईट हेतूने येतात असे मला मुळीच वाटत नाही. पुष्कळांना इतिहासाची खरी ओढ असते, आणि शिवकाळातले किंवा पेशवाईतले एखादे नाणे आपल्या हाताने मातीतून काढावे ही इच्छा मला समजते. मात्र नाणे ज्या जागेवरून उचलले ती जागा नोंदली गेली नाही, तर त्या नाण्याजवळ सांगण्यासारखे जे होते त्याचा मोठा भाग तेथेच संपतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. सांगण्याची जबाबदारी असलेली कोणतीही व्यवस्था आज गावपातळीवर नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. त्यात 13,250 हून अधिक नाणी होती. ही सारी मुळात क्षहरात वंशातला क्षत्रप राजा नहपान याची : एका बाजूला राजाचे मुख आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लेख. यांपैकी सुमारे 9,270 नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा चैत्य आणि सातकर्णीचे नाव, मागे उज्जैनी चिन्ह, आणि त्यांखालून अजूनही डोकावणाऱ्या जुन्या ठशाच्या रेषा. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिने कोरवून घेतलेल्या लेखात आपल्या मुलाचे वर्णन खखरात, म्हणजे क्षहरात, वंशाचा निःशेष नाश करणारा असे केले आहे. आईने मुलाविषयी केलेली स्तुती म्हणून अभ्यासकांनी ते विधान कदाचित बाजूला ठेवले असते. जोगलटेंभीच्या साठ्याने त्याला जमिनीतून साक्ष मिळाली, आणि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील एका सत्तांतराचा क्रम पक्का झाला.

हे घडले ते साठा साठा म्हणूनच अभ्यासकांपर्यंत पोहोचला आणि त्याची मोजदाद झाली म्हणून. किती नाणी मूळची, किती पुन्हा ठसा मारलेली, त्यांत तिसऱ्या कोणाची आहेत का, नहपानाचा चेहरा सगळीकडे सारखा आहे की वेगवेगळ्या वयाचा दिसतो, हे प्रश्न साठा एकत्र असेल तरच विचारता येतात. हाच साठा आज एखाद्या माळावर यंत्राच्या आवाजावरून सापडला आणि रातोरात वाटला गेला, तर काय होईल याची कल्पना करणे मला अवघड जात नाही. स्वच्छ चेहऱ्याची नाणी संग्राहकांकडे जातील आणि दोन ठसे एकमेकांत मिसळल्यामुळे विद्रूप दिसणारी नाणी वजनावर मोडीत निघतील. म्हणजे इतिहासाला जी हवी होती नेमकी तीच वितळतील.

झाडोरा माजलेल्या जमिनीविषयी मी वेगळे लिहीत आहे, त्यामागे कारण आहे. त्याच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या चोविसाव्या राज्यवर्षातली एक आज्ञा कोरलेली आहे. ती गोवर्धन येथील अमात्याला उद्देशून आहे. गोवर्धन म्हणजे त्या काळी आपल्या या परिसराचे प्रशासकीय ठाणे. भिक्षूंना कखडी गावातले एक शेत पूर्वी दिले होते. पण ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून 100 निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) जमीन द्यावी, असा तिचा आशय आहे. ओस पडलेले गाव आणि पडीक राहिलेले शेत हा विषय या जिल्ह्याच्या दप्तरात सुमारे 1,900 वर्षांपूर्वीच आलेला आहे. तेव्हापासून दुष्काळ, लढाया, साथी, नदीने बदललेले पात्र अशा कारणांनी आणखी कितीतरी वस्त्या उठल्या असतील. त्यांच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर आज घाणेरी, रुई आणि निवडुंग उभे आहेत.

ज्या जमिनीवर दरवर्षी नांगर फिरतो तेथील वरच्या थरातले नाणे आधीच आपल्या मूळ जागेवरून हललेले असते. ट्रॅक्टर आल्यापासून ही उलथापालथ अधिक खोल जाते. अशा शेतात मालकाच्या परवानगीने कोणी वरवर शोध घेतला आणि सापडलेल्याची नोंद केली, तर हानी फार होत नाही. उलट खतांनी आणि अवजारांनी झिजून जाणारे नाणे वाचते. पडीक गावठाणाची गोष्ट अगदी निराळी आहे. तेथे शतकानुशतके फाळ लागलेला नसतो. चुलीची राख, खापरे, कोसळलेल्या भिंतीची माती आणि त्यांमध्ये पडलेले नाणे हे सारे वस्ती उठली त्या दिवशी जसे होते त्याच क्रमाने एकावर एक पडून असते. 1950-51 मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले तेव्हा ऐतिहासिक काळातील वस्तीच्या खाली ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा थर मिळाला आणि नाशिकचे वय एकदम मागे गेले. तो शोध थरांनी लावला. असे थर फावड्याने वरखाली झाले की कोणत्याही तज्ज्ञाला ते परत लावता येत नाहीत. त्यामुळे सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून दाखवलेले आणि कोणाच्याच उपयोगाचे न वाटणारे रान या बाबतीत जिल्ह्यातली सर्वांत जपण्यासारखी जमीन आहे.

यंत्राचे काम कसे चालते हे थोडे सांगतो, कारण नुकसान नेमके कोठे होते ते त्यावरून कळते. डिटेक्टरच्या तबकडीतील एक वेटोळे सतत बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्यामुळे धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. प्रतिसादाला लागलेल्या उशिरावरून लोखंड आणि तांबे-चांदी यांत फरक करण्याचा प्रयत्न यंत्र करते. परंतु दख्खनच्या काळ्या खडकाच्या मातीत लोहयुक्त खनिजे भरपूर असल्यामुळे यंत्राला मातीचाच गोंगाट ऐकू येतो. एकट्या नाण्याचा पत्ता साधारण वीतभर खोलीपर्यंतच खात्रीने लागतो. गवत उंच असेल तर तबकडी जमिनीपासून वर राहते आणि ही खोली आणखी घटते. म्हणून शोधणारा प्रथम झुडपे तोडतो किंवा जाळतो आणि मग प्रत्येक आवाजावर खणतो. बहुतेक आवाज बाटलीचे बूच, गुटख्याच्या पुडीचा चकचकीत कागद, खिळा किंवा बैलाच्या नालेचा तुकडा यांचे निघतात. एका नाण्यासाठी पांढरीवर कितीतरी खड्डे पडतात आणि त्या प्रत्येक खड्ड्यात थर फुटतो, मग त्यातून काही निघो वा न निघो. खड्डे बुजवण्याची तसदीही क्वचितच घेतली जाते. गुरे चारणाऱ्यांनी त्याबद्दल गावोगाव तक्रार करावी अशी स्थिती आहे.

आता कायद्याच्या ज्या तरतुदीमुळे प्रामाणिक माणूससुद्धा गप्प बसतो तिच्याकडे आपले लक्ष वेधायचे आहे. 1878 चा कायदा सापडवणाऱ्याच्या विरोधात आहे असा सर्वत्र समज आहे, तो खरा नाही. ठेव बेवारस ठरली आणि सापडवणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा, असे कायदाच सांगतो. शासनाला ती ठेव स्वतःकडे घ्यायची असेल तर मोबदला द्यावा लागतो. खबर न देणाऱ्याचा मात्र वाटा जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. अडचण मोबदल्याच्या हिशेबात आहे. तो धातूच्या किमतीवर ठरतो : जितक्या किमतीचा धातू, तेवढी रक्कम आणि तिच्या एक पंचमांश अधिक. सोन्याच्या मोहरांना हे ठीक आहे. सातवाहनांनी शिशाची, तांब्याची आणि पोटिन या मिश्रधातूची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. ज्यावर आजवर अज्ञात असलेल्या राजाचे नाव आहे असे शिशाचे नाणे एखाद्या मेंढपाळाला मिळाले, तर कायद्याच्या हिशेबाने त्याची किंमत चहाच्या कपाइतकीही होत नाही, आणि तेच नाणे गुपचूप विकले तर त्याला महिन्याची कमाई मिळू शकते. अशा परिस्थितीत त्याने सरकारदरबारी चार ते सहा महिन्यांची जाहीर नोटीस, चौकशी आणि हेलपाटे पत्करावेत ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. कायद्यातील ही तरतूद बदलणे आपल्या हातात नाही याची मला जाणीव आहे. तरीही जिल्ह्यातून शासनाकडे तशी शिफारस गेली तर तिला वजन येईल, आणि तोपर्यंत प्रामाणिकपणे खबर देणाऱ्याला वेगळे बक्षीस देण्याचा मार्ग शासनाला खुला आहेच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये या प्रश्नाची उकल निराळ्या रीतीने झाली आहे. तेथे 1996 च्या कायद्याने मौल्यवान साठ्याचा मोबदला बाजारभावाने ठरतो आणि 1997 पासून साध्यासुध्या सापडलेल्या वस्तूही लोकांनी स्वेच्छेने नोंदवाव्यात यासाठी भागवार अधिकारी नेमलेले आहेत. आतापर्यंत दहा लाखांहून कितीतरी अधिक वस्तूंची नोंद तेथे झाली आहे. 2010 च्या एप्रिलमध्ये सॉमरसेट परगण्यातील फ्रोम गावाजवळ यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका छांदिष्ट गृहस्थाला शेतात एका भांड्याचे तोंड आणि काही रोमन नाणी लागली. त्याने तेथेच खणणे थांबवले आणि खबर दिली. पुरातत्त्वज्ञांनी ते भांडे एकेक थर करत रिकामे केले. नाणी 52,503 निघाली. शेवटच्या काळातली, म्हणजे कॅरॉसियस या सत्ताधीशाची नाणी भांड्याच्या वरच्या भागात असायला हवी होती, पण त्यांतली बहुतेक अर्ध्याहून खाली होती. यावरून हे भांडे वर्षानुवर्षे पुंजी टाकत भरलेले नसून एकाच वेळी भरले गेले असा निष्कर्ष निघाला, आणि ही कोणाची बचत नसून सामूहिक अर्पण असावे असा विचार पुढे आला. त्या गृहस्थाने हात घालून सारी नाणी पिशवीत भरली असती तर आकडा तोच राहिला असता, हा निष्कर्ष मात्र कायमचा गेला असता. मी त्या माणसाच्या संयमाचे कौतुक करतो, परंतु त्याने कोणाला फोन करायचा हे त्याला आधीपासून ठाऊक होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे पेठ, सुरगाणा किंवा बागलाणच्या एखाद्या पाड्यावरील शेतकऱ्याला हे ठाऊक नाही. त्याला जिल्हाधिकारी कार्यालय दूर आहे आणि पोलीस ठाण्याची भीती वाटते. हंडा सापडल्याची कुणकुण लागली की पंचनामा होतो, नाणी वजनाने मोजून मुद्देमाल म्हणून सील होतात, आणि ज्याला सापडली त्याच्याकडे गाव संशयाने पाहू लागते. या भीतीचा फायदा गुप्तधन काढून देतो म्हणणारे मांत्रिक आणि कवडीमोलाने नाणी उचलणारे दलाल दोघेही घेतात. मांत्रिकांसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. दलालांसाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे शेतकऱ्यासमोर त्याहून सोपा आणि सन्मानाचा दुसरा रस्ता असणे.

तो रस्ता आपण मनावर घेतले तर उघडू शकतो, आणि त्याला फार खर्चही येणार नाही. प्रत्येक तलाठी कार्यालयात आणि पोलीस पाटलाकडे मराठीत एका पानाचा नमुना असावा. त्यावर सापडलेली वस्तू, गाव, गट नंबर, जमिनीची खूण, अंदाजे खोली, तारीख आणि जागामालकाचे नाव एवढेच लिहायचे. सोबत मोबाइलने काढलेले जागेचे आणि नाण्यांचे छायाचित्र. हा नमुना जिल्हाधिकाऱ्यांना दिलेली खबर समजला जाईल आणि त्याची पोच तिथल्या तिथे मिळेल, असा आपला लेखी आदेश असावा. साठा असेल तर तो न हलवता, न धुता राहू द्यावा आणि पुरातत्त्व विभागाचा माणूस येईपर्यंत कोतवालाने जागेवर लक्ष ठेवावे. नाणी चिंचेने किंवा लिंबाने घासू नयेत ही सूचना त्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी. आम्लाने चकाकी येते आणि अक्षरे जातात, हे मी असंख्य नाण्यांवर पाहिले आहे. पंचनाम्यात वजनाबरोबर नगांची संख्या आलीच पाहिजे. नाणी ओळखण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचीही गरज नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे 1980 पासून केवळ नाणकशास्त्राला वाहिलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज ही संस्था आहे. ज्या जिल्ह्यात अशी संस्था आहे तेथील नाणी ओळखीवाचून मोडीत जावीत ही गोष्ट मनाला लागते.

यंत्रांविषयी माझे मत स्पष्ट आहे. सरसकट बंदीने ती नाहीशी होणार नाहीत. ती रात्री चालतील. मात्र गायरान, जुने गावठाण, गढी आणि किल्ले या शासनाच्या किंवा सार्वजनिक मालकीच्या जमिनींवर लेखी परवानगीशिवाय यंत्र फिरवू नये, असा आदेश ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागावा. संरक्षित स्मारकांवर खणणे 1958 च्या केंद्रीय आणि 1960 च्या राज्य कायद्याने आधीच गुन्हा आहे. त्याची आठवण त्याच फलकावर करून द्यावी. खासगी नांगरटीच्या शेतात मालकाच्या संमतीने शोधणाऱ्यांना नोंदणीच्या अटीवर वाव ठेवावा. हे छंदी लोक आपल्याला उपयोगी पडू शकतात. जिल्ह्यात पांढरीची किती टेकाडे झाडोऱ्यात आहेत याची यादी तलाठी, गुराखी आणि ही मंडळी मिळून एका हिवाळ्यात करू शकतील, आणि अशी यादी हाती आली तर पुरातत्त्व विभागाला कोठे लक्ष ठेवायचे हे कळेल.

शेवटी तातडीची बाब. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, वाहनतळ आणि साधुग्राम यांच्या कामात गोदाकाठची पुष्कळ जमीन यंत्रांखाली जाणार आहे. जेसीबीच्या एका फावड्यात हंडा फुटतो आणि मजुरांत वाटला जातो, तेव्हा कोणाचाच दोष दाखवता येत नाही, कारण त्यांना कोणी काही सांगितलेलेच नसते. या कामांच्या प्रत्येक ठेकेदाराला वरील नमुना कामाच्या आदेशासोबतच द्यावा, आणि जुनी खापरे किंवा नाणी दिसताच काम त्या जागेपुरते थांबवून खबर देण्याची अट त्यात घालावी. तसेच खबर देणाऱ्या मजुराला त्या दिवसांची मजुरी बुडणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. नमुन्याचा मसुदा आपल्या कार्यालयाला हवा असल्यास मी तो तयार करून आणून देईन, आणि तलाठ्यांना नाण्यांचे प्राथमिक प्रकार ओळखायला शिकवण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी विनामूल्य येईन.

आपला नम्र,
नाशिकमधील एक नाणे-अभ्यासक